कुरण जाणार असेल, तर घोड्यांचं खाणं आजपासून बदलायला घ्या

तुमचं कुरण वर्षानुवर्षं तोंडी बोलीवर तुमच्याकडे होतं. आता मालकाने ते घरबांधणीसाठी विकलंय आणि चार महिन्यांत काम सुरू होणार आहे. दोन तरुण घोडे आणि एक म्हातारी घोडी एवढा संसार आहे. विरोध करावा, दुसरी जागा शोधावी की तिघांना कायमचं तबेल्यात घ्यावं, हा तुमचा प्रश्न. आमचंही कुरण असंच घरांखाली गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जागेची शोधाशोध चालू ठेवाच, पण ती मिळेपर्यंत घोड्यांच्या खाण्याचा विषय बाजूला ठेवू नका. बहुतेकांकडे उलटं होतं. शेवटच्या आठवड्यापर्यंत नुसती जागा बघणं चालतं आणि मग एका सकाळी हिरव्या गवतावरचा घोडा थेट तबेल्यात, सुक्या गवतावर येतो. वैरणीतला चोथा घोडा मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या जोरावर पचवतो. नव्या खाण्याशी जुळवून घ्यायला या जिवाणूंना दोन-तीन आठवडे लागतात. तेवढी सवड दिली नाही, तर पोटशूळ उठतो, आणि पोटशुळाने चांगला धडधाकट घोडा रात्रीत जातो. म्हणून आतापासूनच रोज संध्याकाळी थोडं सुकं गवत द्यायला लागा आणि दर तीन-चार दिवसांनी ते वाढवत न्या. जागा मिळाली काय, न मिळाली काय, ही तयारी वाया जात नाही.

किती द्यायचं, तर घोड्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकी वैरण रोज. साडेचारशे किलोच्या घोड्याला सात ते नऊ किलो. पेंढ्या मोजून अंदाज बांधू नका, कारण दोन पेंढ्यांच्या वजनात खूप फरक असतो. साधा लटकता काटा घ्या आणि गवताने भरलेली जाळी त्याला अडकवून बघा. आणि हे सगळं एकदम समोर टाकू नका. कुरणावर घोडा दिवसरात्र मिळून चौदा-सोळा तास तोंड चालवतो. त्याचं जठर लहान असतं आणि त्यात आम्ल सतत पाझरत राहतं. ते आम्ल सौम्य करणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. सहा-सात तास गव्हाण रिकामी राहिली की जठराला व्रण पडायला लागतात. बारीक भोकांची जाळी दुहेरी लावलीत, तर तेवढंच गवत बराच वेळ पुरतं. कुरण गेलं म्हणून चंदी, म्हणजे दाणा, वाढवायची, ही चूक फार जण करतात. दाण्याने वजन राहील, पण चावण्याचे तास भरून निघणार नाहीत, आणि जास्तीचा स्टार्च मोठ्या आतड्यात उतरला की पोटशूळ आणि लॅमिनायटिस (खुराच्या आतली वेदनादायक सूज) दोन्हींना आमंत्रण. दाणा द्यायचाच असेल तर थोडा थोडा, विभागून. एका वेळी दोन किलोच्या वर नको.

पाण्याकडे लक्ष असू द्या. हिरव्या गवतात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, सुक्यात जेमतेम दहा-पंधरा टक्के. त्यामुळे कुरणावर कमी पाणी पिणारा घोडा सुक्यावर आला की दिवसाला तीस-चाळीस लिटर लागू शकतं, उन्हात आणखी. पाणी कमी पडलं तर चोथा आतड्यात अडकून बसतो. रोज लीद बघा. कोरडी, बारीक, घट्ट गोळ्यांची दिसली तर त्याच दिवशी हालचाल करा. मीठ समोर ठेवा. ताज्या गवतातलं ई जीवनसत्त्व वाळवताना बरंचसं नष्ट होतं. महिनोन्‌महिने हिरवं मिळणार नसेल, तर ते वरून द्यावं लागतं. मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आता जागेचं. विरोध करायचा तर लवकर करा. परवानगीच्या टप्प्यावर हरकत घेता येते, काम सुरू झाल्यावर जवळपास काहीच हातात राहत नाही. ‘आमचे घोडे कुठे जातील’ या मुद्द्याला बहुतेक ठिकाणी वजन नसतं, हे कटू आहे पण खरं आहे. पावसाचं पाणी कुठे जाणार, अरुंद रस्त्यावर वाहनं किती वाढणार, लोकांच्या आणि घोड्यांच्या वहिवाटीची वाट बंद होणार का, हे मुद्दे ऐकून घेतले जातात. वहिवाटीची वाट असेल, तर जुने नकाशे, जुने फोटो आणि तिथून जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे लेखी जबाब आत्ताच गोळा करा. कुरण वाचलं नाही तरी वाट वाचू शकते, आणि रपेटीची वाट वाचणं ही लहान गोष्ट नाही.

आणखी एक करा, जे लोकांना सुचतच नाही. बिल्डरला सरळ भेटा. मोठी कामं टप्प्याटप्प्याने होतात. शेवटच्या टप्प्याची जमीन कित्येकदा वर्ष-वर्ष पडून राहते, आणि तिथे रान माजणं किंवा कोणी कचरा टाकणं त्यालाही नकोच असतं. तेवढ्या तुकड्यावर तात्पुरती चराई मागा. पण या वेळी तोंडी नको. किती मुदतीची आगाऊ सूचना, कुंपण कोणाचं, पाणी कुठून, अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हे चार ओळींत का होईना, कागदावर सह्यांसकट येऊ द्या. भेटीत रागावून बोलू नका. राग येणारच, मलाही आला होता, पण त्या माणसाकडून तुम्हाला दोन मोसमांची चराई हवी आहे.

बांधकामाशेजारी घोडे ठेवणार असाल, तर एक कुंपण पुरत नाही. हद्दीपासून दोन-तीन मीटर आत दुसरं कुंपण घाला. खिळे, तारांचे तुकडे, प्लॅस्टिक वाऱ्याने आणि मजुरांच्या हातून आत येतंच, रोज एक फेरी मारावी लागते. पण खरा धोका लोक राहायला आल्यावर सुरू होतो. आमच्या कुंपणालगत एकाने हिरवळ कापून तिचा ढीग चांगल्या मनाने घोड्यांसाठी टाकला होता. वरून हिरवागार, पण आत हात घातला तर चटका बसावा इतका गरम. कापलेली हिरवळ अशी लगेच आंबते. घोडा ती न चावता गपागप गिळतो आणि त्याचं पोट फुगतं. बागेची छाटणी त्याहून वाईट. कण्हेरीची मूठभर पानं मोठ्या घोड्याला मारतात, आणि कण्हेर वाळली तरी तिचं विष जात नाही. नव्या रहिवाशांना पहिल्याच महिन्यात भेटा, मुलांना घोडे दाखवा, काय टाकायचं नाही ते नीट समजावून सांगा. फलकाने जे होत नाही ते ओळखीने होतं.

नवी जागा लहान मिळाली तर घाबरू नका. नुसत्या चराईवर ठेवायचं तर घोड्यामागे साधारण एक-दीड एकर लागतं, पण वैरण बाहेरून आणणार असाल तर त्याहून कमीत भागतं. सगळी जागा एकदम खुली करू नका, नाहीतर दोन महिन्यांत चिखल आणि माती उरेल. तुकडे पाडा. गवत चार बोटांच्या खाली खाऊ देऊ नका, आणि वीतभर वाढल्याशिवाय त्या तुकड्यात पुन्हा सोडू नका. पावसाच्या दिवसांसाठी एक कोपरा खराब होऊ द्यायचा हे मनाशी ठरवून टाका. कुंपणाच्या आतून कडेकडेने एक वाट आखून पाणी एका टोकाला आणि वैरण दुसऱ्या टोकाला ठेवलीत, तर घोडे आपणहून चालत राहतात. जागा कमी झाली की जंत वाढतात, म्हणून आठवड्यातून किमान दोनदा लीद उचला आणि अंदाजाने औषध पाजण्याऐवजी लीद तपासून घ्या. शेजारी कोणाची गुरं असतील तर त्याच जागेत घोडे आणि गुरं आलटून पालटून चरू द्या. घोड्यांचे बहुतेक जंत गुरांच्या पोटात जगत नाहीत.

तिघांना चोवीस तास बांधून ठेवायचं मात्र मनातून काढून टाका. चालणं आणि एकमेकांचा सहवास हे दोन्ही कुरणच देत होतं. ते तुटलं की घोडा गव्हाणीला दात लावून हवा ओढायला लागतो, जागच्या जागी डुलतो, आणि एकदा जडलेली ही खोड क्वचितच जाते. खाचखळगे नसलेलं छोटंसं मोकळं आवार मिळालं तरी चालेल, पण तिघं एकत्र मोकळे हवेत. नाइलाजाने एखादा द्यावाच लागला, तर उरलेल्या दोघांची जोडी जमते का ते आधी बघा. एकट्या पडलेल्या घोड्याने खाणं सोडलेलं मी पाहिलंय.

म्हाताऱ्या घोडीची काळजी मला जास्त वाटते. हिरवं कोवळं गवत झिजल्या दातांनाही जमतं, सुकं जमत नाही. ती गवत चघळून त्याच्या ओल्या गुंडाळ्या खाली टाकत असेल, तर तिला जाळी लावून उपयोग नाही. तिचं बरंचसं पोट भिजवलेल्या वैरणीच्या गोळ्यांवर भरावं लागेल, तेही दिवसातून चार-पाच वेळा. रोज तिच्या घोट्याच्या मागच्या बाजूला, खुराच्या जरा वर, दोन बोटं टेकवून नाडी बघायची सवय लावा. निरोगी घोड्यात ती शोधावी लागते. बोटांखाली ठणठण उडायला लागली आणि खूर गरम लागला, तर लॅमिनायटिस समजून ताबडतोब डॉक्टरांना बोलवा, चालवून बघू नका.

तिचे दात शेवटचे कधी तपासले आणि ती गुंडाळ्या टाकते का, ते कळवा. तिघांची अंदाजे वजनंही लिहा, म्हणजे चार महिन्यांत वैरण कशी वाढवत न्यायची ते आठवडावार मांडून देतो.