आडवाटेचे सिनेमे: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आजवर गाजलेले, मोठ्या खर्चाचे चित्रपटच पाहिले. फारशा लोकांनी न पाहिलेले, कमी पैशांत केलेले चांगले चित्रपट पाहायचे आहेत. सुरुवात कुठून करू? पहिल्याच घासाला खडा नको.

उत्तर: 'कोहेरन्स'पासून करा. २०१३ चा, जेम्स वॉर्ड बर्किट यांचा, जेमतेम दीड तासाचा. आठ मित्रमैत्रिणी जेवायला जमल्यात, आकाशात धूमकेतू आहे, दिवे जातात आणि रस्त्यावर एकाच घरात उजेड दिसतो. हा चित्रपट दिग्दर्शकाच्याच घरात पाच रात्रींत चित्रित झाला. लिखित संवाद नव्हते. प्रत्येक नटाला रोज फक्त त्याच्या पात्रापुरत्या सूचना मिळत, समोरचा काय बोलणार हे ठाऊक नसे. त्यामुळे दचकणं, एकमेकांचं बोलणं तोडणं सगळं खरं वाटतं.

दोन गोष्टी आधी सांगून ठेवतो. मधेच पडदा काळा होतो, वाक्य अर्धवट तुटतं. प्रिंट खराब नाही, ती रचनाच आहे. आणि माणसं घराबाहेर पडताना चमकणाऱ्या कांड्या घेतात, त्यांचा रंग लक्षात ठेवा. अर्ध्या तासानंतर सगळं त्या रंगावर येऊन ठेपतं.

तो आवडला तर ख्रिस्तोफर नोलनचा पहिला चित्रपट 'फॉलोइंग' (१९९८) घ्या. सुमारे ७० मिनिटं, कृष्णधवल, १६ मिमी फिल्मवर, मंडळी नोकरीधंदा सांभाळून शनिवारी चित्रीकरण करत. फिल्म महाग, म्हणून नटांकडून आधी भरपूर तालीम करून घेतली आणि बहुतेक दृश्यं एकदोन टेकमध्ये उरकली. यात काळ पुढेमागे होतो आणि तिथेच प्रेक्षक अडकतो. नायकाच्या चेहऱ्याकडे पाहा: केस वाढलेले आणि दाढीचे खुंट म्हणजे सुरुवातीचा काळ, केस कापून सूट चढवलेला म्हणजे मधला, चेहरा सुजलेला म्हणजे त्यानंतरचा. एवढी खूणगाठ बांधली की कुठेही हरवत नाही.

प्रश्न: 'प्रायमर' दोनदा पाहिला. पहिल्या अर्ध्या तासापलीकडे काही हाती लागलं नाही. हा खरोखर चांगला चित्रपट आहे, की नुसताच गुंतागुंतीचा?

उत्तर: चांगला आहे, आणि गुंता सुटण्यासारखाही आहे. (पुढच्या मजकुरात कथानक उघड होतं. न पाहिलेल्यांनी थेट पुढच्या प्रश्नाकडे जावं.)

शेन कॅरुथ यांचा हा २००४ चा चित्रपट, ७७ मिनिटांचा, सुमारे ७,००० डॉलर्समध्ये केलेला. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत आणि एक प्रमुख भूमिका, सगळं त्यांचंच. त्याच वर्षी सनडान्स महोत्सवात त्याला ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला.

एब आणि एरन हे दोन मित्र मागच्या वेळेत नेणारं पेटीसारखं यंत्र बनवतात. त्या यंत्राचा नियम एकदा पक्का करा. पेटी सकाळी ९ ला सुरू केली आणि दुपारी ३ ला आत शिरलात, तर आत सहा तास बसून काढायचे आणि बाहेर पडायचं ते सकाळी ९ ला. पेटी सुरू होण्याआधीच्या वेळेत जाता येत नाही. म्हणजे ९ ते ३ या वेळात तुम्ही दोघे असता: एक अजून पेटीत शिरायचा आहे, दुसरा तिच्यातून बाहेर आला आहे. एब आणि एरन हॉटेलच्या खोलीत स्वतःला का कोंडून घेतात, ते आता कळेल. शिरायच्या आधीच्या तासांत त्यांच्या हातून बाहेर काही घडू नये, म्हणून ही खबरदारी. पेटी टायमरवर लावतात तीही याचसाठी. ती सुरू होते तेव्हा लावणारा तिथून निघून गेलेला असतो, नाहीतर स्वतःशीच गाठ पडायची.

खरा घोळ दुसऱ्याच पेटीमुळे होतो. एबने एक पेटी एरनला न सांगता आधीपासून चालू ठेवलेली असते, प्रकरण हाताबाहेर गेलं तर अगदी सुरुवातीला परतता यावं म्हणून. चित्रपट हे फार उशिरा आणि अगदी घाईत सांगतो. एरनला तिचा पत्ता लागतो आणि तो तिचा आधीच वापर करून बसलेला असतो. पुन्हा पाहाल तेव्हा बाकावरच्या संभाषणात एरनच्या कानातला इअरपीस पाहा. मॅच ऐकतोय असं तो सांगतो. खरं तर तो त्या दिवसाचं आधीच रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकत असतो, म्हणजे हा पहिला एरन नव्हेच! आणि निवेदन करणारा आवाज? तोही एका एरनचाच.

तिसऱ्यांदा पाहताना सबटायटल्स लावा, भाषा समजत असली तरी. सगळे एकाच वेळी बोलतात आणि महत्त्वाचं वाक्य हमखास कुणाच्या तरी पाठीमागे पुटपुटलं जातं. इंटरनेटवर कालरेषेचे तक्ते आहेत, पण ते त्यानंतर पाहा. आधी तक्ता पाहिला की दोन मित्रांमधला विश्वास कसा झिजत जातो याकडे लक्षच जात नाही, आणि चित्रपट आहे तो त्याबद्दल.

प्रश्न: 'कार्निव्हल ऑफ सोल्स'ची शिफारस वाचली. पाहिला तर चित्र धुरकट, आवाज खरखरीत. वीस मिनिटांत बंद केला. एवढं कौतुक कशाचं?

उत्तर: तुम्हाला खराब प्रत मिळाली. हर्क हार्वी यांच्या १९६२ च्या या चित्रपटाच्या प्रिंटवर कॉपीराइटची नोंद टाकायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार नोंद नसेल तर हक्कही नाही. मग कुणीही कुठल्याही झिजलेल्या प्रिंटवरून प्रत काढून विकू लागला आणि प्रतीवरून प्रत निघत गेली. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं (१९६८) हेच झालं: शेवटच्या क्षणी नाव बदललं आणि जुन्या नावाच्या पाटीवरची कॉपीराइटची ओळ पाटीबरोबर गेली. दोन्हींच्या मूळ साहित्यावरून पुनर्संस्कारित आवृत्त्या आता निघाल्या आहेत. त्याच शोधा.

प्रत पारखायला दोन मिनिटं पुरतात. रात्रीच्या दृश्यात काळ्या रंगात तपशील दिसतो का, की सगळा एकच डाग आहे? फिल्मचे बारीक कण दिसत असतील तर उत्तम. चेहऱ्याच्या कडा दुहेरी दिसत असतील, तर ती व्हिडिओ टेपवरून काढलेली प्रत आहे, सोडून द्या. 'कार्निव्हल'मध्ये सॉल्ट लेकच्या काठचा ओसाड सॉल्टेअर मंडप आणि चर्चमधला ऑर्गन हेच भयाचं निम्मं बळ. मंडप दिसलाच नाही आणि ऑर्गन फाटल्यासारखा ऐकू आला, तर मागे उरतो तो कच्चा अभिनय.

प्रश्न: 'द विकर मॅन' एका ठिकाणी ८८ मिनिटांचा, दुसरीकडे ९४, तिसरीकडे ९९ च्या आसपास. कुठला खरा?

उत्तर: तिन्ही खरे. रॉबिन हार्डी यांचा १९७३ चा हा चित्रपट वितरकांनी कापून, दुसऱ्या एका चित्रपटाच्या जोडीला लावून प्रदर्शित केला. ती ८८ मिनिटांची आवृत्ती. तिच्यात पोलीस अधिकाऱ्याची बेटावरची एक रात्र गाळली आहे, त्यामुळे त्याला पडणारा मोह आणि त्याच्यावरचा दबाव घाईघाईत येतो. लांब आवृत्ती अमेरिकेला पाठवलेल्या प्रतीमुळे वाचली, पण तिचे काही तुकडे बाकीच्या चित्रापेक्षा उघडच फिके दिसतात. २०१३ मध्ये 'फायनल कट' या नावाने आलेली ९४ मिनिटांची घ्या. रात्र परत आली आहे आणि लय सैल पडलेली नाही.

मोठी आवृत्ती म्हणजे चांगली आवृत्ती, असं धरून चालू नका. 'डॉनी डार्को'ची ११३ मिनिटांची मूळ आवृत्ती (२००१) पाहा. २००४ च्या १३३ मिनिटांच्या आवृत्तीत कथेतल्या पुस्तकाची पानं मधेमधे पडद्यावर येतात आणि जे कोडं प्रेक्षकाच्या डोक्यात राहायला हवं, ते सोडवून हातात ठेवतात.

शिवाय लांबीतला प्रत्येक फरक कात्रीचाच असतो असं नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चित्रित होतो. जुन्या पाल (युरोप, भारतातल्या टीव्हीच्या) पद्धतीच्या डीव्हीडी तो २५ ने चालवतात, म्हणून १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. चित्रपटाच्या मूळ लांबीला ०.९६ ने गुणा. आकडा डीव्हीडीच्या लांबीशी जुळला तर काही कापलेलं नाही.

प्रश्न: संथ चित्रपट पाहताना झोप लागते. तरी 'किलर ऑफ शीप' आणि 'वांडा' पाहायलाच हवेत असं सगळे सांगतात. कसे पाहावेत?

उत्तर: दमलेल्या डोळ्यांनी रात्री पाहू नका. दोन्ही सकाळचे चित्रपट आहेत.

चार्ल्स बर्नेट यांनी 'किलर ऑफ शीप' विद्यापीठातला प्रबंध-चित्रपट म्हणून लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत केला. १९७८ चा, सुमारे ८० मिनिटांचा. त्यातल्या गाण्यांचे हक्क घेतलेले नसल्यामुळे तो रीतसर चित्रपटगृहांत यायला २००७ उजाडलं. यात कथानक शोधत बसलात तर झोप येणारच. प्रत्येक प्रसंगात कोण काय उचलतंय, ओढतंय, सांभाळतंय, एवढंच बघा. दोन मित्र जुनं इंजिन विकत घेतात. ते जिन्यावरून उतरवताना दोघांचीही दमछाक होते, कसंबसं ट्रकच्या कडेवर टेकवतात. अजून थोडं आत सरकवायला हवं, पण राहू दे म्हणतात. ट्रक निघतो, इंजिन रस्त्यावर आदळतं. दोघं उतरून पाहतात, परत बसतात, निघून जातात. गाडीच्या मागून दिसणारं ते इंजिन लहान लहान होत जातं. गरिबीवर भाषण नाही, रडारड नाही, आणि तरीही पैसा, घाम आणि आशा तिन्ही एका मिनिटात गेलेली दिसतात.

'वांडा' (१९७०) बार्बरा लोडन यांनी लिहिला, दिग्दर्शित केला आणि प्रमुख भूमिकाही त्यांचीच. पूर्ण लांबीचा एवढा एकच चित्रपट त्यांनी केला. सुरुवातीला कोळशाच्या काळ्या ढिगाऱ्यांमधून एक पांढुरका ठिपका बराच वेळ चालत राहतो. तीच वांडा. ते दृश्य पुढे ढकलू नका. ती किती एकटी आहे, हे चित्रपट शब्दांत कधीच सांगत नाही. छोट्या मोबाइलवर तो ठिपका दिसणारच नाही, तेव्हा पडदा मोठा हवा.

प्रश्न: आपल्याकडचे असे चित्रपट?

उत्तर: तीन सांगतो. कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' १९८८ चा, पण चित्रपटगृहात आला २०१४ मध्ये. अर्थ लावू नका, तालावर पाहा. दिग्दर्शक जॉन अब्राहम (हिंदीतले अभिनेते नव्हेत) यांचा मल्याळम 'अम्मा अरियान' (१९८६) लोकांकडून वर्गणी गोळा करून झाला. नायक एका मित्राच्या मृत्यूची बातमी त्याच्या आईला द्यायला निघतो आणि वाटेत माणसं जोडली जातात. आणि उमेश कुलकर्णी यांचा 'विहीर' (२००९). मृत्यू समजून घेऊ पाहणारा मुलगा मराठी पडद्यावर इतक्या शांतपणे क्वचितच आला आहे. याचा आवाज हेडफोनवर ऐका.

प्रश्न: घरच्या टीव्हीवर जुने चित्रपट मालिकेसारखे गुळगुळीत दिसतात. सबटायटल्सही मागेपुढे होतात. काय करावं?

उत्तर: टीव्ही दोन चौकटींच्या मधे स्वतः तयार केलेल्या चौकटी घुसवतो, त्यामुळे हे होतं. पिक्चर सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग बंद करा (कंपनीनुसार नाव बदलतं, पण त्यात 'मोशन' शब्द बहुधा असतो), किंवा 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा. नॉइज रिडक्शनही बंद. १६ मिमीवरचे कण त्याला कचरा वाटतात आणि ते पुसताना चेहरे मेणाचे होतात. जुन्या चौकोनी चित्राच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्या. झूम केलंत की वरून डोकी कापली जातात.

सबटायटल्स सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने चुकत असतील, तर संगणकावरच्या व्हीएलसी या प्लेअरमध्ये 'जी' आणि 'एच' या कळांनी ५० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी मागेपुढे करता येतात. पण सुरुवातीला बरोबर आणि तासाभरात अडीच मिनिटांचा फरक, असं असेल तर फाइल २५ चौकटींच्या प्रतीसाठी बनवली आहे आणि तुमची प्रत २४ ची आहे, किंवा उलट. सरकवून उपयोग नाही, आपल्या प्रतीला जुळणारी फाइल घ्या.

प्रश्न: एक चित्रपट हवा अर्ध्या तासात संपणारा, आणि एक मित्रांच्या घोळक्यात पाहायला.

उत्तर: अर्ध्या तासासाठी क्रिस मार्कर यांचा 'ला जेते' (१९६२), २८ मिनिटांचा. जवळजवळ संपूर्ण चित्रपट स्थिर छायाचित्रांचा आहे, फक्त एका ठिकाणी चित्र हलतं. ते कुठे, हे आधी वाचू नका.

घोळक्यासाठी शिनिचिरो उएडा यांचा जपानी 'वन कट ऑफ द डेड' (२०१७), तीस लाख येनमध्ये केलेला. पहिली ३७ मिनिटं एकच अखंड शॉट आहे आणि तो उघडउघड फसलेला वाटतो: नट मधेच गप्प होतात, कॅमेरा जमिनीवर पडून राहतो, कुणीतरी उगाचच विषय काढतं. बहुतेक लोक इथेच उठतात. उठू देऊ नका. त्या ३७ मिनिटांत जे जे खटकलं ते मनात ठेवायला सांगा, पुढच्या तासात एकेकाचा हिशेब चुकता होतो.