खेळावरच्या पुस्तकांविषयी

दांडिया बाजार, बडोदे

चि. ... यास अनेक आशीर्वाद.

तुमच्या संस्थेने व्हिडिओ गेमवर आधारित बालपुस्तके काढायचे ठरवून ती मालिका तुझ्याकडे सोपवली, हे वाचून आनंद झाला. खेळाने वाचन बुडते म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस. सयाजीरावांनी उभारलेल्या इथल्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या बालविभागात पुस्तकांशेजारी खेळही मांडलेले असत, आणि इंग्लंडमध्ये एग्माँट या बालप्रकाशकाने २०१३ पासून माइनक्राफ्ट या खणण्या-बांधण्याच्या गेमची अधिकृत हस्तपुस्तके काढली, एवढे सांगितलेस तरी पुरे.

तुझी खरी अडचण अशी की, गेम अपडेट होत राहतो आणि छापलेले पान जागचे हलत नाही. तू पाठवलेल्या माइनक्राफ्टच्या नमुना पानावर गेममधले हिरे अकराच्या उंचीवर शोधावेत असे आहे. परंतु नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या १.१८ या आवृत्तीत माइनक्राफ्टच्या जगाचा तळ शून्यावरून उणे ६४ पर्यंत खाली गेला आणि हिरे उणे ५९ च्या आसपास जास्त सापडू लागले. शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाने ते पान पाहून "आजोबा, हे जुनं आहे" म्हटले आणि कागद बाजूला ठेवला. तीन फळ्या आणि दोन काठ्या जोडून पिकॅक्स, म्हणजे खणायचे हत्यार, करण्याचे पान मात्र त्याने बोट ठेवून वाचले, कारण ती कृती इतक्या अपडेटनंतरही तशीच आहे. म्हणून बदलणारे आकडे शेवटच्या फर्म्यात, म्हणजे एकाच कागदावर छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटात, एकत्र ठेव, म्हणजे पुढच्या आवृत्तीत तेवढाच फर्मा नव्याने छापता येईल. आणि माहिती गेमच्या कोणत्या आवृत्तीची, हे श्रेयपानावर छाप. (पिकॅक्सला 'कुदळ' करू नकोस, आपली मुले शाळेत गुजराती किंवा इंग्रजीत शिकतात आणि खेळातली नावे आहेत तशीच उच्चारतात.)

गेमचा परवाना देणाऱ्यांशी होणाऱ्या करारात रॉयल्टीवर घासाघीस सगळेच करतात, मंजुरीच्या मुदतीचे मात्र कोणाला सुचत नाही. एका कार्टूनवरच्या आमच्या रंगवहीचे मुखपृष्ठ परवाना देणाऱ्यांनी शेपटीच्या छटेवरून सात आठवडे अडवले; पुस्तक बाजारात आले तेव्हा सुट्ट्या संपून शाळा सुरू झाल्या होत्या आणि गठ्ठे गोदामातच राहिले. मजकूर, चित्रे आणि अंतिम प्रूफ या तिन्ही टप्प्यांवर उत्तर किती दिवसांत मिळेल, आणि परवाना संपल्यावर उरलेल्या प्रती किती महिने विकता येतील, हे लेखी घे.

सही करण्यापूर्वी ती दोन कलमे मला पाठव. कळावे.

तुझा,
काका