‘माणूस’ अजून का रडवतो?

प्रश्न : प्रभात फिल्म कंपनीचा ‘माणूस’ (१९३९) हा चित्रपट पहिल्यांदाच पाहिला. त्यातली वेश्या मैना मनातून जात नाही. असं काय आहे त्यात?

उत्तर : मैना मरत नाही, म्हणून! नायिका मेली की आपण रडून मोकळे होतो. दिग्दर्शक शांतारामबापूंनी (व्ही. शांताराम) तशी सुटका दिलीच नाही. छळणाऱ्या मामाचा खून करून ती तुरुंगात जाते. तिच्यावर प्रेम करणारा पोलीसशिपाई गणपत तिला पळवून न्यायला तयार असतो, नकार तीच देते. आणि ‘कशाला उद्याची बात’ म्हणणारी बाई हीच! शांता हुबळीकरांचा त्या गाण्यातला बेफिकीर चेहरा आठवत शेवट पुन्हा पाहा. मला मात्र त्याहून जास्त लागतं ते गणपतच्या देवभोळ्या आईसमोर तिचं अवघडून जाणं. शाहू मोडकांचा गणपतही देवदाससारखा संपत नाही, त्याला जगावं लागतं.