गुणायचं की भागायचं?

"मॅडम, हिचं गणित चांगलं आहे. पण एसएटीच्या शाब्दिक उदाहरणात मैल, फूट, गॅलन दिसले की हातपाय गाळते. ही अमेरिकन एककं पाठच करून घेऊ का?" अकरावीतल्या मुलीची आई विचारत होती. पदवीसाठी अमेरिकेत जायला एसएटी ही प्रवेशपरीक्षा देणाऱ्या मुलांच्या घरून हा प्रश्न हमखास येतो.

पाठांतराची फारशी गरज पडत नाही. 1 मैल म्हणजे 5280 फूट, हे बहुधा प्रश्नातच दिलेलं असतं. मी मुलीची रफ वही मागितली. पानभर नुसते आकडे, एकापुढेही एकक नाही. (आमच्या बाई एकक विसरलं की अर्धा गुण कापायच्या, तेव्हा काय राग यायचा!) 'ताशी 45 मैल म्हणजे सेकंदाला किती फूट?' इथे तिने 5280 ने भागलं होतं, खोडून गुणलं होतं, मग पुन्हा भागलं होतं. अडचण मैलाची नव्हतीच. ती चक्क अंदाजाने क्रिया निवडत होती.

"पाव किलो गवार 30 रुपये, तर किलोला?"

"एकशेवीस," पटकन उत्तर आलं.

"गुणलंस की भागलंस?"

"तसं काही नाही... चार पाव म्हणजे किलो ना."

मग कागदावर आडव्या रेघा मारून शब्दांसकट लिहायला लावलं. वर 45 मैल, खाली 1 तास. शेजारी वर 5280 फूट, खाली 1 मैल. मैलाला मैल तिनेच काट मारून उडवला. तास घालवायचा म्हणून वर 1 तास, खाली 3600 सेकंद. उरले फूट आणि सेकंद. उत्तर 66.

"एवढं लिहीत बसली तर वेळ पुरेल का?" आईची शंका रास्त होती. एसएटीत गणिताच्या प्रत्येक भागात 35 मिनिटांत 22 प्रश्न, म्हणजे एकाला जेमतेम दीड मिनिट. पण आकडेमोडीला स्क्रीनवर कॅल्क्युलेटर असतो, आणि खरा वेळ खोडाखोडीतच जात होता.

पुढच्या भेटीत 12 चौरस यार्डांचे चौरस फूट करायचे होते. तिने 3 ने गुणून 36 लिहिले. मी गप्प राहिले. ती काट मारायला गेली आणि थबकली.

"मॅडम, एक यार्ड उरतोय."

तिने शेजारी आणखी एक रेघ मारली, वर 3 फूट, खाली 1 यार्ड, आणि 36 चे 108 केले.