घरातल्यांचा फ्लू पाळलेल्या कासवाला लागतो का?

घरातील सर्वांना फ्लू झाला आणि त्याच सुमारास आपल्या रेड इअर्ड स्लायडर कासवाने खाणे सोडले. ही लागण आपल्यामुळेच झाली का, असे आपण विचारले आहे. माझ्याकडेही नाशिकमध्ये याच जातीचे कासव आहे. फ्लूला दोष देण्याआधी टाकीतील पाण्याचे तापमान मोजावे, असे मी आग्रहाने सांगेन.

माणसाच्या सर्दी-फ्लूचे विषाणू आपल्या श्वसनमार्गातील पेशींना आणि तेथील उबेला सरावलेले असतात. कासवाच्या पेशी वेगळ्या, शिवाय त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्या-हवेवर अवलंबून, त्यामुळे तेथे त्यांचा जम बसणे फारच अवघड. माणसाकडून प्राण्यांना आजार जातच नाहीत असे मात्र नाही. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील वाघिणीला कोविड झाला, तो माणसाकडूनच आला असावा असे मानले गेले. पण वाघ आपल्यासारखाच सस्तन प्राणी आहे.

मग दोघे एकाच वेळी आजारी का पडतात? मला यात नाशिकच्या थंडीचा हात दिसतो. डिसेंबर-जानेवारीत येथे पारा १० अंशांच्या खाली उतरतो, सकाळी टाकीत हात घातला तर पाणी अक्षरशः बोचते, आणि ज्या कासवाला साधारण २४ ते २७ अंशांचे पाणी व दिव्याखाली ३० अंशांहून उबदार कोरडी जागा लागते, त्याचे पचन आणि प्रतिकारशक्ती दोन्ही मंदावतात. अशा वेळी जिवाणूंचे फावते आणि फुफ्फुसांना संसर्ग होतो. नाकपुड्यांवर बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, पोहताना एका बाजूला कलणे यांपैकी एक जरी दिसले, तरी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना त्वरित दाखवावे. घरातली उरलेली गोळी कृपया देऊ नये; कासवाच्या शरीरात औषधाचा निचरा किती वेगाने होतो, हे त्याच्या तापमानावरही ठरते.

मला खरी काळजी वाटते ती उलट दिशेच्या संसर्गाची. अगदी ठणठणीत दिसणाऱ्या कासवाच्या आतड्यातही साल्मोनेला जिवाणू असू शकतो आणि तो विष्ठेवाटे टाकीच्या पाण्यात उतरतो. लहान मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. आपल्या घरातली माणसे आत्ताच तापातून उठत आहेत, तेव्हा पाच वर्षांखालील मुलांना आणि वृद्धांना काही दिवस टाकीपासून दूर ठेवावे, टाकी स्वयंपाकघरातील सिंकमध्ये धुऊ नये आणि पाणी बदलल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.