पत्री सरकार की प्रतिसरकार?

प्रश्न : आमची आजी कायम 'पत्री सरकार' म्हणायची, पोराच्या पुस्तकात 'प्रतिसरकार' आहे. बरोबर काय? आणि लोकांनी थेट वेगळं सरकारच का काढलं? – एक वाचक, पलूस

उत्तर : दोन्ही बरोबर ताई. इंग्रज राजवटीत साताऱ्यातल्या लोकांनी इंग्रज सरकारला डावलून स्वतःचं समांतर सरकार चालवलं, त्याचं कागदावर नाव प्रतिसरकार, लोकांच्या तोंडात पत्री. खबरे, गुंड आणि गरिबाला नाडणारे सावकार यांना पकडून, पाय बांधून तळव्यांवर काठीचे फटके द्यायचे, त्यालाच लोक 'पत्री मारली' म्हणायचे. आजीचा शब्द जपा!

आता का काढलं. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच, तासगाव, वाळवा हे तालुके साताऱ्यातच. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर लोक तिरंगा घेऊन गेले, हातात शस्त्र नाही काही नाही, आणि पोलिसांनी सरळ गोळ्या घातल्या, परशुराम घार्गे पुढं होते ते तिथंच पडले, दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात पुन्हा गोळीबार. मग अशा सरकारकडं न्याय मागायला कोण जाणार? म्हणून १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली गावोगाव न्यायमंडळं उभी राहिली, जमिनीची भांडणं गावातच मिटायला लागली, दारूबंदी झाली, कमी खर्चात गांधी पद्धतीची लग्नं लागली. मला तर हे रेल्वे लुटण्याएवढंच मोठं वाटतं. रेल्वेचं म्हणाल तर ७ जून १९४३ ला शेणोलीत ती लुटली जी. डी. बापू लाड आणि तुफान सेनेनं, म्हणजे प्रतिसरकारच्या सशस्त्र दलानं. बापूंचं कुंडल तुमच्यापासून हाकेवर आहे, पोराला एकदा घेऊन जाच.