एम्पोरियाचे संपादक: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: आमच्या शहरातल्या दैनिकाचे मालक-संपादक नुकतेच गेले. नगर वाचनालय स्मरणिका काढतंय आणि मुख्य लेख माझ्यावर सोपवलाय. लिहायला बसलं की ‘निर्भीड’, ‘निःपक्षपाती’, ‘अजातशत्रू’ यांच्यापुढे गाडी सरकत नाही. मागच्या अंकात आपण अमेरिकेतल्या विल्यम अ‍ॅलन व्हाइट या छोट्या गावातल्या संपादकाचं नाव ओझरतं घेतलं होतं. त्यांच्याविषयी जरा सविस्तर सांगाल का?
— एक वाचिका, चाळीसगाव

उत्तर: ताई, सगळ्यात आधी ‘अजातशत्रू’ खोडा. गावात वर्षानुवर्षं पेपर काढला आणि कुणी दुखावलं नाही, असं होत नाही. तुमचे संपादक कुणाला नकोसे झाले होते, कधी आणि कशामुळे, तिथून लिहायला लागा. माणूस आपोआप उभा राहील.

आता व्हाइट. त्यांचा जन्म 10 फेब्रुवारी 1868 चा, कॅन्सस राज्यातल्या एम्पोरियातलाच. बालपण मात्र जवळच्या एल्डोराडोत गेलं. पुढे कॅन्सस सिटीच्या मोठ्या वर्तमानपत्रात नोकरी केली आणि 1895 मध्ये तीन हजार डॉलर उसने उभे करून ‘एम्पोरिया गॅझेट’ हे डबघाईला आलेलं पत्र विकत घेतलं. गाव तेव्हा दहा हजार वस्तीच्या आतलं.

एम्पोरियाच्या स्टेशनावर उतरले तेव्हा त्यांच्या खिशात सव्वा डॉलर होता. सामान जड. ते उचलून चालत निघावं, की चार आणे जातील तिकडे जावोत, पण घोडागाडी करून रुबाबात गावात शिरावं? त्यांनी गाडी केली. नव्या मालकाला पायी ओझं वाहताना गावानं पाहिलं तर त्याची पत राहणार नाही, हा त्यामागचा हिशेब. ही गोष्ट त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितली आहे आणि त्या खर्चाचा कधी पश्चात्ताप झाला नाही, असंही म्हटलंय. मला ही हकिगत फार आवडते. त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी ‘कष्टाळू’, ‘महत्त्वाकांक्षी’ अशी विशेषणं कितीही जोडली तरी त्या सव्वा डॉलरइतका माणूस त्यांतून कळत नाही.

पहिल्याच अंकात त्यांनी वाचकांना सांगून टाकलं की नवा संपादक इथेच म्हातारा व्हायला आलाय, बाहेरगावी गेला तरी नावापुढे ‘एम्पोरियाचा’ असंच लावायची त्याची इच्छा आहे. असं सगळेच म्हणतात. व्हाइटनी ते 29 जानेवारी 1944 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, पाळलं. मोठ्या शहरांतून बोलावणी येत राहिली, थिओडोर रूझवेल्टसारखा राष्ट्राध्यक्ष मित्र झाला, देशभर नाव झालं, पण बिऱ्हाड हललं नाही. ज्याच्याबद्दल सकाळी लिहायचं तो संध्याकाळी रस्त्यात समोर यायचा. त्यामुळे लिहिताना हात आखडतो असं पुष्कळांना वाटतं. माझा जिल्हा दैनिकातला अनुभव असा की हात आखडत नाही, हात सावध होतो. नाव बरोबर आहे ना, आकडा बरोबर आहे ना, दुसऱ्या बाजूला विचारलं ना, हे चारदा बघितलं जातं.

याच्या अगदी उलट माणूस म्हणजे फ्रँक मन्सी. न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रं विकत घ्यायची, एकात एक मिसळायची, बंद करायची, हा त्यांचा धंदा. 1925 मध्ये ते वारले तेव्हा व्हाइटनी चार-दोन वाक्यांतच त्यांचा मृत्युलेख उरकला. एका थोर व्यवसायाचं या माणसानं आठ टक्के व्याज देणारं रोख्याचं भेंडोळं करून टाकलं, असा त्याचा मतितार्थ. मेलेल्या माणसाबद्दल इतकं कठोर लिहावं का, यावर तेव्हाही वाद झाला. मी व्हाइटच्या बाजूचा आहे. वर्तमानपत्राचा मालक असणं आणि वर्तमानपत्रांची मालमत्ता असणं यातला फरक ज्याला आतून दुखत होता, त्याच्याकडून गोड शब्द आले असते तर ते खोटे ठरले असते.

प्रश्न: माझं कापडाचं दुकान आहे, स्थानिक पेपरला नेमानं जाहिरात देतो. मालकच संपादक असेल तर तो मित्रांच्या, जाहिरातदारांच्या, पक्षाच्या विरोधात कसा लिहील? निःपक्षपणा हे बोलाचंच नव्हे का?
— एक व्यापारी, बार्शी

उत्तर: व्हाइट निःपक्षपाती अजिबात नव्हते. ते उघडउघड रिपब्लिकन होते आणि ऑगस्ट 1896 मध्ये त्यांनी लिहिलेला, ज्यानं त्यांचं नाव देशभर गेलं, तो अग्रलेख तर निव्वळ पक्षाच्या रागातून आलेला. भर उन्हाळ्यात पोस्टातून टपाल घेऊन येताना शेतकऱ्यांची बाजू घेणाऱ्या विरोधी पॉप्युलिस्ट पक्षाच्या माणसांनी त्यांना रस्त्यात गाठलं, घेरून टोमणे मारले. ते तसेच कचेरीत आले आणि ‘कॅन्ससचं बिनसलंय तरी काय?’ या अर्थाच्या मथळ्याखाली सगळा संताप कागदावर ओतला. रिपब्लिकन पक्षानं त्या अग्रलेखाच्या लाखो प्रती छापून वाटल्या. पुढे गंमत अशी झाली की त्या पॉप्युलिस्टांच्या ज्या मागण्यांची त्यांनी टर उडवली होती, त्यांतल्या बऱ्याच मागण्यांसाठी प्रौढ वयात तेच भांडले. 1912 मध्ये रूझवेल्टांनी पक्ष फोडला तेव्हा व्हाइट त्यांच्याबरोबर बाहेर पडले.

म्हणजे मतं होती, ती बदललीही, आणि दोन्ही वेळा गावाला ती त्यांच्याच पेपरात वाचायला मिळाली.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर 1922 सालात आहे. त्या उन्हाळ्यात देशभर रेल्वेच्या कारखान्यांतल्या कामगारांचा संप झाला. एम्पोरिया हे सांता फे रेल्वेचं गाव, त्यामुळे संपकरी म्हणजे शेजारीपाजारीच. कामगारांना आमचा शंभर टक्के पाठिंबा, अशा पाट्या दुकानांच्या काचांमागे झळकल्या. गव्हर्नर हेन्री अ‍ॅलन यांनी त्या काढायला लावल्या. हे गव्हर्नर म्हणजे व्हाइटचे जुने दोस्त, तेही पेपरवालेच. व्हाइटना संपकऱ्यांचं सगळं पटत होतं असंही नाही. म्हणून त्यांनी गॅझेटच्या खिडकीत पाटी लावली ती एकोणपन्नास टक्क्यांची! पाठिंबा अर्ध्याहून कमी, पण तो बोलून दाखवायचा हक्क पुरा. मित्र गव्हर्नरनं मित्र संपादकावर अटकेचा हुकूम काढला. पुढे सरकारनं खटला सोडून दिला तेव्हा व्हाइटच चिडले, कारण त्यांना कोर्टात निकाल हवा होता.

त्याच दिवसांत, 27 जुलैला, त्यांनी एका काळजीत पडलेल्या मित्राला उद्देशून छोटा अग्रलेख लिहिला. सगळं सुरळीत असताना बोलण्याच्या स्वातंत्र्याची कुणाला गरज पडत नाही, ते लागतं ते अडचणीच्या काळातच, असा त्याचा गाभा. त्याला 1923 चं पुलित्झर पारितोषिक, म्हणजे अमेरिकेतल्या पत्रकारितेतला मोठा सन्मान, मिळालं.

1924 पर्यंत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणाऱ्या संघटनेनं कॅन्ससमध्ये पाय पसरले होते. त्या वर्षीच्या निवडणुकीत गव्हर्नरपदाच्या दोन्ही मोठ्या पक्षांच्या उमेदवारांपैकी कुणीही त्यांच्याविरुद्ध ठणकावून बोलेना. व्हाइट अपक्ष उभे राहिले आणि मोटार काढून राज्यभर सभा घेत फिरले. तिसरे आले, पण सुमारे दीड लाख मतं मिळाली आणि क्लॅनची उघड चर्चा घराघरांत झाली. लक्षात घ्या, त्यांच्याच गावात क्लॅनवाले होते. पेपरचे वर्गणीदार, जाहिरातदार त्यांच्यातही असणारच. तेव्हा शेठ, तुमच्या पेपरवाल्याची परीक्षा घ्यायची असेल तर निःपक्षपणा शोधू नका. आपल्याच माणसाविरुद्ध त्यानं कधी काही छापलंय का, ते जुन्या फायली काढून बघा.

प्रश्न: मालक गेल्यावर असे पेपर बंदच पडतात का?
— एक वाचक, खामगाव

उत्तर: पुष्कळदा पडतात. गॅझेट पडलं नाही. व्हाइटच्या पत्नी सॅली पहिल्यापासून कामात होत्या, नवऱ्याचा मजकूर त्या वाचत, सुधारत. व्हाइटनंतर मुलगा बिल यांनी 1973 पर्यंत पेपर चालवला आणि नंतरही तो घराण्यात राहिला. व्हाइटचं आत्मचरित्र अपुरंच राहिलं होतं. मुलानं ते पुरं करून छापलं आणि 1947 मध्ये त्याला पुलित्झर मिळालं, लेखक जाऊन तीन वर्षं झाल्यावर.

प्रश्न: मी तालुक्याच्या पेपरात नवीन लागले आहे. निधनवार्ता आणि श्रद्धांजलीचं काम माझ्याकडे आहे. सगळ्या एका साच्यातून काढल्यासारख्या होतात. काय करू?
— एक वार्ताहर, फलटण

उत्तर: बेटा, या कामाला कमी समजू नकोस. काउंटरवर संध्याकाळी पासपोर्ट फोटो आणि वहीच्या पानावर लिहिलेला मजकूर घेऊन जो भाऊ किंवा पुतण्या उभा असतो, त्याच्या लेखी उद्याच्या अंकात तेवढी एकच बातमी असते.

आता व्हाइटनी लिहिलेली निधनवार्ता ऐक. मे 1921 मध्ये त्यांची मुलगी मेरी सोळाव्या वर्षी गेली. वृत्तसंस्थेनं बातमी दिली की घोड्यावरून पडून मृत्यू. बापानं तिच्या दफनानंतर गॅझेटमध्ये लेख लिहिला, आणि त्याची सुरुवात काय? तर ती बातमी चूक आहे, मेरी जन्मात कधी घोड्यावरून पडली नाही, हे वाचून ती खो खो हसली असती! मग नेमकं काय झालं ते येतं. रस्त्यात ओळखीचा मुलगा दिसला, तिनं हात हलवला, घोडा एकदम वळला, ती अजून मागे बघून हात हलवतच होती आणि झाडाची खाली आलेली फांदी डोक्यावर बसली. तरीही ती पडली नाही, घसरून उतरली, दोन पावलं झोकांडली आणि बेशुद्ध झाली.

ज्याची मुलगी गेली तो माणूस इतकं काटेकोर लिहितो. आणि पुढे सारं तिचंच रूप. वेणी आणि रिबीन सोडून मोठ्या बायकांसारखे केस बांधायला तिचा नकार. मोटार मिळाली की वाटेत दिसेल त्याला आत कोंबायचं. काउंटीच्या अनाथ-गरिबांच्या घरात तिनं जमवून आणलेलं टर्कीचं जेवण. शाळेतल्या कृष्णवर्णीय मुलींना विश्रांतीसाठी खोली मिळावी म्हणून तिनं चालवलेली खटपट, जी ती गेली तेव्हा अपुरीच होती. ‘गुणी’, ‘लाडकी’ असे शब्द शोधावे लागतात. हा मृत्युलेख पुढे अमेरिकेतल्या शाळांच्या वाचनपुस्तकांत गेला. तिच्या आठवणीसाठी व्हाइट कुटुंबानं गावाला जमीन दिली, तिथे आज पीटर पॅन पार्क आहे आणि त्यात व्हाइटचा अर्धपुतळाही आहे.

तुझ्या कामापुरतं सांगतो. घरच्यांशी बोलताना ‘त्यांचे गुण सांगा’ असं विचारू नकोस, त्यावर कुणालाही तेच चार शब्द सुचतात. त्यापेक्षा हे विचार: ते सकाळी उठून पहिलं काय करायचे, कशावरून भांडायचे, कोणतं काम अर्धं राहिलं. आणि फोन ठेवण्याआधी, लोकांत त्यांच्याबद्दल काही चुकीचं पसरलंय का, तेही विचार. असलं तर पहिल्या ओळीत दुरुस्त कर. चाळीसगावच्या ताईंनाही माझं हेच सांगणं आहे. पेपरच्या कचेरीतल्या जुन्या कंपोझिटरला आणि अंक वाटणाऱ्या पोऱ्याला भेटल्याशिवाय त्यांनी लेख पुरा करू नये.